घर नीटनेटके : खुर्ची साहेबांची, बसते कोण?

मागच्या पंधरवड्यातल्या पत्रांत एक पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले. पत्र लहानसेच आहे. लिहिणाऱ्या भगिनीने नाव छापू नका अशी विनंती केली आहे, म्हणून नाव देत नाही. त्या लिहितात :

"२०२० साली टाळेबंदीत ह्यांचे ऑफिस घरी आले, तेव्हा ह्यांनी चाकांची, गादीची राखाडी खुर्ची घेतली. पुढे ऑफिस परत गेले, खुर्ची मात्र घरीच राहिली. संध्याकाळी हे तिच्यावर बसतात. दुपारी घरात कोणी नसते तेव्हा मी बसते. मी आठ जणांना डबे देते. त्याचा हिशेब आणि बचत गटाची वही तिथेच बसून लिहिते. परवा वाटीतली आमटी बैठकीवर सांडली. घाईघाईने साबण लावून घासले, तर पिवळा डाग चक्क लाल झाला! कुंकू सांडल्यासारखे दिसते आहे. सध्या वर उशी ठेवली आहे. ह्यांच्या नजरेस पडायच्या आत काय करू, ते कृपया लवकर कळवावे."

उशी फार दिवस टिकणार नाही हे ओळखून मी त्यांना उत्तर लगेच पाठवले. पण पत्र वाचल्यावर मनात आले की ही खुर्ची आता कितीतरी घरांत आहे. पूर्वी आपल्या घरी लोखंडी घडीची खुर्ची, वेताची खुर्ची, फार तर लाकडी आरामखुर्ची असायची. पुसली की झाले! ही ऑफिसची खुर्ची आली ती कापड, फोम, चाके, दांडा असा सगळा संसार घेऊन. तिची निगा कशी राखायची हे मात्र कोणी सांगितले नाही. तेव्हा आज तिच्याविषयीच बोलू.

आधी माझी फजिती

सल्ला द्यायच्या आधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. २०२० च्या जुलैत आमच्या मुलाची अशीच खुर्ची होती. दिवसभर बसून बसून बैठक कळकट झाली होती. मला वाटले, आपण सतरंज्या धुतो, गोधड्या धुतो, ही काय मोठीशी! खुर्ची गॅलरीत नेली, बालदीभर पाण्यात धुण्याची पावडर कालवली आणि ब्रशने खसाखसा घासून वरून चार तांबे पाणी ओतले. खुर्ची अशी लखलखली म्हणता! दुसऱ्या दिवशी वरून हात लावला तर कोरडी. मुलगा बसला आणि उठला तो पँट ओली घेऊनच. आठवड्याने कुबट वास सुटला. तीन आठवडे बिचारा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मीटिंगा करत होता.

शेवटी गल्लीतल्या कुशनवाल्याला बोलावले. त्याने बैठक उलटी करून खालचे कापड उचकटले. आतला फोम ठिकठिकाणी काळा पडला होता, खालचे प्लायवूड फुगले होते आणि कापड ठोकलेल्या पिना गंजल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, फोम म्हणजे स्पंज. प्यायला एक मिनिट, वाळायला आठवडा. आणि तुम्ही तर पावसात पाजलंत!"

त्या दिवसापासून मी एक नियम गाठीला बांधला आहे. तुम्हीही बांधा. खुर्चीचे कापड धुवायचे, फोम भिजवायचा नाही. पुढचे सगळे ह्या एका वाक्यात आहे.

रोजची आणि आठवड्याची निगा

खुर्ची मळते ती धुळीने. घाम आणि केसांचे तेल कापडावर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि त्याचा राप तयार होतो. धूळ वेळच्या वेळी काढली तर राप चढतच नाही. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. नसेल तर काही अडत नाही. कपड्यांचा मऊ ब्रश घ्या आणि आधी कोरडाच एका दिशेने फिरवा. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत आणि शिवणींत जुना टूथब्रश चालवा. तिथे चिवड्याचे कण, टाचण्या, कधी पाच रुपयांचे नाणेसुद्धा निघते.

हे करताना शिवणींवर एक बारीक नजर टाका. काळे ठिपके किंवा सालपटे दिसली तर समजा, ढेकूण आले आहेत. अशा वेळी रॉकेल शिंपडू नका. ढेकूण जायचे राहतात आणि खुर्ची मात्र पेट घेण्याजोगी होते. फटी व्हॅक्यूमने साफ करून त्यातला कचरा पिशवीत बांधून घराबाहेर टाका आणि औषध मारणाऱ्या माणसाकडून खुर्चीबरोबर पलंगही तपासून घ्या.

पाठीला जाळी असेल तर काम आणखी सोपे. ओला पंचा घट्ट पिळून दोन्ही बाजूंनी पुसा. हात आणि पाय प्लॅस्टिकचे असतील तर तेही त्याच पंचाने पुसून होतात.

दोन-तीन महिन्यांनी फेसाची आंघोळ

आता खरी धुलाई. पण आधी खुर्ची उलटी करून खाली चिठ्ठी शिवलेली आहे का ते बघा. काही खुर्च्यांवर इंग्रजी अक्षर असते. 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याने साफ केलेले चालेल. 'एस' म्हणजे पाणी नको, ड्रायक्लीनिंगचे द्रावण हवे. 'डब्ल्यूएस' असेल तर दोन्ही चालते. 'एक्स' असेल तर नुसती धूळ काढायची, बाकी काही करायचे नाही. चिठ्ठी नसेल तर बैठकीच्या खालच्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आधी बोटभर करून पाहा. पांढऱ्या फडक्याला रंग लागला नाही आणि वाळल्यावर डाग राहिला नाही, तर पुढे चला.

एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांचा पातळ साबण एक चहाचा चमचा घाला. जास्त नको. जास्त साबण कापडात राहतो, तो चिकट होतो आणि धूळ दुप्पट ओढतो. आता पाणी रवीने किंवा हाताने घुसळा. वर जो फेस येईल तेवढाच ब्रशने उचलायचा. पाण्यात ब्रश बुडवायचा नाही. ताकावरचे लोणी काढतो तसा वरच्या वर फेस घ्यायचा आणि कापडावर गोल गोल हलक्या हाताने चोळायचा. मग स्वच्छ पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळलेल्या पंचाने फेस पुसून घ्यायचा. पंचा दोनदा तीनदा बदला. शेवटी कोरडा टर्किश टॉवेल ठेवून दोन्ही हातांनी दाबा म्हणजे उरलेली ओल टॉवेलमध्ये येते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसता डागापुरता भाग ओला केलात तर वाळल्यावर त्याच्याभोवती कडे उमटते. म्हणून ह्या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत सबंध तुकडा सारखाच ओलसर करावा. बोअरिंगचे जड पाणी असेल तर पांढरट चट्टे राहतात. अशा गावच्या मैत्रिणींनी शेवटचा हात जड नसलेल्या पाण्याचा द्यावा. एका खुर्चीला तांब्याभर पाणी पुष्कळ झाले.

रिठ्याचा फेस चालेल का, असे कोणी विचारील. काळ्या, गडद तपकिरी कापडाला चालेल. फिक्या कापडाला नको, कारण रिठ्याचे पाणी स्वतःच तपकिरी असते.

वाळवायला पंखा उत्तम. रात्री झोपण्यापूर्वी पंख्याखाली ठेवावी, सकाळी बसावे. भर दुपारच्या उन्हात दिवसच्या दिवस ठेवू नये. रंग उडतो आणि उघडा पडलेला फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो. आणि पावसाळ्यात ही आंघोळ नकोच. जून ते सप्टेंबर नुसता ब्रश, हे माझे ठरलेले. दिवाळीच्या आवराआवरीत धुलाई.

डागांचे निरनिराळे स्वभाव

कोणताही डाग पडला की पहिले काम म्हणजे कोरड्या फडक्याने टिपणे. घासणे नव्हे! घासले की डाग पसरतो आणि खाली उतरतो. टिपताना कडेकडून मध्याकडे यावे.

*चहा, दूध, रक्त :* आधी गार पाणी. गरम पाण्याने दुधातली आणि रक्तातली प्रथिने कापडात पक्की बसतात. गार ओल्या फडक्याने टिपा, मग साबणाचा फेस.

*केसांचे तेल :* पाठीच्या वरच्या कडेला हमखास असते. टाल्कम पावडर भरपूर भुरभुरवून रात्रभर ठेवा. ती तेल ओढून घेते. सकाळी ब्रशने झटका, मग फेसाचा हात द्या. त्यापेक्षा सोपे म्हणजे वरच्या कडेला एक नॅपकिन टाकून ठेवावा. आपल्या आया-मावश्या सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे विणलेले रुमाल घालत, ते नुसते शोभेचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मॅकासर नावाचे तेल चोपडत. त्याच्या डागांपासून खुर्च्या वाचवायला हे रुमाल आले. म्हणजे तेलकट डोक्यांची तक्रार आपलीच नाही!

*बॉलपेनची शाई :* कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट किंवा हाताला लावायचे सॅनिटायझर घेऊन टिपा. बोळा निळा झाला की लगेच बदला. खिडकी उघडी असू द्या आणि जवळ देवापुढचे निरांजन किंवा गॅस पेटलेला नको. शाईच्या पेनाच्या डागाला दूध लावायची जुनी रीत रुमालाला ठीक होती. खुर्चीला नको. डाग जाईल न जाईल, दूध मात्र आत नासेल.

*बाळाची शू :* टॉवेल दाबून जितके टिपता येईल तितके टिपा. गार पाण्याच्या फडक्याने पुन्हा टिपा. पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग असे करून फडक्याने हलके लावा. पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून काढा. व्हिनेगर आणि सोडा एकदम मिसळू नका. फसफस छान दिसते, पण दोघे एकमेकांना मारतात आणि आपल्या हाती काही उरत नाही. सोडा खायचाच घ्या, धुण्याचा नव्हे. तो फार तीव्र असतो.

*च्युइंगगम, मेण :* प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून वर ठेवा. कडक झाले की बोथट सुरीने उचला.

आणि एक ताकीद. कपडे पांढरे करायचे ब्लीच खुर्चीला लावू नका. डागाबरोबर रंगही जातो. त्यात व्हिनेगर किंवा संडासाचे ॲसिड तर चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

हळद : लाल का झाली?

आता आमच्या सातारकर भगिनीच्या डागाकडे वळू. हळदीतला पिवळा रंग साबण, सोडा, चुना असे काही लागले की लाल होतो. आपण सगळ्या जणी हे जाणतो, फक्त खुर्चीपाशी विसरतो. हळदीत चुना घातला की कुंकू होते ना, तोच हा प्रकार! तेव्हा घाबरायचे कारण नाही. कापड बिघडलेले नाही.

उपाय असा. प्रथम साबण काढून टाका. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तीन-चारदा टिपा. मग वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा गाळलेला रस घालून त्याचे फडके लावा. लाल डाग डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होईल. आमटीतले तेल राहिले असेल तर पावडर लावून ओढून घ्या. उरलेला पिवळा रंग घालवायचे औषध फुकट आहे, ते म्हणजे ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. खुर्ची सकाळच्या कोवळ्या उन्हात दीड-दोन तास, असे चार-सहा दिवस ठेवा. बाकीच्या कापडावर जुनी चादर टाका, डाग तेवढा उघडा ठेवा. दररोज फिकट होत जाईल.

चाके, दांडा आणि रेक्झीन

चाके जड फिरतात, फरशीवर ओरखडे येतात, ही तक्रार बहुतेक केसांची असते. आपलेच लांब केस आणि दोरे चाकाच्या आसाला गुंडाळतात. खुर्ची आडवी करून चाक सरळ ओढले की बहुधा निघते. कात्रीच्या टोकाने किंवा शिवण उसवायच्या हत्याराने केस कापून काढा. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या आणि जास्तीचे पुसून टाका. खोबरेल नको. ते थंडीत गोठते आणि त्यात धूळ बसते. बैठकीखालचे स्क्रू तीन महिन्यांनी एकदा आवळून घ्या. करकर वाजणारी अर्धी खुर्ची एवढ्यानेच गप्प बसते.

उंची कमीजास्त करणाऱ्या दांड्यात दाबलेला नायट्रोजन वायू असतो. बसल्यावर खुर्ची आपोआप खाली जाऊ लागली की त्यातले सील झिजले असे समजावे. हा दांडा उघडू नये, ठोकू नये, भोक पाडू नये, तापवू नये. तो दुरुस्त होत नाही, अख्खा बदलून मिळतो. काम करणाऱ्या माणसाकडूनच बदलून घ्यावा. जुना भंगारात देताना आत वायू आहे हे सांगावे.

रेक्झीनच्या खुर्चीला फेस आणि पिळलेला पंचा पुरतो. पण काही खुर्च्यांचे रेक्झीन तीन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागते आणि काळे कपटे घरभर होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे फार. वरचा थर हवेतल्या ओलीनेच तुटत जातो. मग तेल लावा, पॉलिश लावा, तो परत जुळत नाही. अशा वेळी सांगाडा, चाके आणि खालचे प्लायवूड धड असेल तर कुशनवाल्याकडून नवीन कापड चढवून घ्यावे. बैठक बहुधा चार बोल्टांवर असते, तेवढीच काढून नेता येते. प्लायवूडच तडकले असेल तर मात्र खर्च करू नये.

आणि आता न विचारलेले

सातारकर भगिनीने डागाचे विचारले, त्याचे उत्तर दिले. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "हिशेब लिहून उठले की कंबर धरते, पण वयाचे असेल."

वय त्यांनी कळवले आहे. ते काही कंबर धरायचे वय नाही. खुर्ची दुसऱ्याच्या मापाची आहे, हे दुखणे आहे. यजमान उंच, खुर्ची त्यांच्या उंचीला लावलेली. ह्या बसल्या की पाय लोंबकळत असणार. मी त्यांना लिहिले, बैठकीखालचा खटका उचलून खुर्ची खाली घ्या. दोन्ही तळपाय सपाट जमिनीला टेकले पाहिजेत. पाठ मागे टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू ह्यांत दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. नसेल राहत तर पाठीमागे छोटी उशी घ्या. टेबल उंच पडत असेल तर खुर्ची वरच असू द्या आणि पायांखाली जेवायचा पाट ठेवा. अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारा.

आणि मैत्रिणींनो, आणखी एक ओळ लिहिली. तीही सांगते. आठ डब्यांचा हिशेब हे काम आहे. काम करणाऱ्याने खुर्चीवर बसायचे असते. ते चोरून करायचे कारण काय?

परवा त्यांचे उत्तर आले. लाल रंग गेला. पाचव्या दिवशी पिवळ्याचीही नुसती सावली राहिली. उशी त्यांनी आपणच उचलली आणि यजमानांना सगळे सांगून टाकले. ते हसले म्हणे. "मला काय कळत नव्हतं? चार दिवस झाले, रोज संध्याकाळी बसतो तर खुर्ची खाली गेलेली. आधी वाटलं, बिघडली."

पाट आता टेबलाखालीच असतो, असे त्यांनी लिहिले आहे. आणि दुपारी हिशेबाला बसल्या की दार उघडेच ठेवतात.

तुमच्या खुर्चीचे काय झाले, ते जरूर कळवा.